दुष्काळाला टिकणारे बियाणे, पण कोणत्या दुष्काळाला?

४ मे २०२५ रोजी दिल्लीत केंद्रीय कृषिमंत्री शिवराजसिंह चौहान यांनी जनुक-संपादन करून तयार केलेले भाताचे दोन वाण जाहीर केले. त्यांतला पहिला आपल्या गावचाच. ‘डीआरआर धान १००’ उर्फ ‘कमला’ हा वाण राजेंद्रनगरच्या भारतीय तांदूळ संशोधन संस्थेत सांबा मसुरीपासून तयार झाला. सांबा मसुरी म्हणजे आपण किराणा दुकानात ‘बीपीटी’ म्हणून मागतो तोच तांदूळ. दुसरा वाण ‘पुसा डीएसटी राइस १’, दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेचा. तो एमटीयू १०१० या आंध्रातल्या लोकप्रिय वाणापासून केला आहे. ‘डीएसटी’ ही अक्षरे दुष्काळ आणि क्षार यांना सहन करण्याशी संबंधित एका जनुकाच्या नावातून आली आहेत.

बातमी आली त्या आठवड्यात मंडळाच्या व्हॉट्सॲप गटावर ती पंधरा-वीस वेळा तरी फिरली असेल. ‘आता दुष्काळाची चिंता मिटली’, ‘बिनपाण्याचा भात आला’ अशा मथळ्यांसह. आपल्या सभासदांपैकी पुष्कळांची शेती अजून परभणी, नांदेड, बीड, धाराशिवकडे आहे. १९५६ पर्यंत हा सगळा मुलूख आणि हैदराबाद एकाच राज्यात होते, त्यामुळे घर इथे आणि रान तिथे ही आपली जुनीच रीत. साहजिकच दोन-तीन जणांनी आम्हाला विचारले, ‘गावाकडच्या भावाला हे बियाणे कधी मिळेल?’ आम्ही शेतीतज्ज्ञ नाही. पण पीककर्जाच्या फायली हातावेगळ्या करण्यात नोकरीची बरीच वर्षे गेल्यामुळे ‘दुष्काळ’ हा शब्द दिसला की तो कोणत्या तारखेचा, कोणत्या पिकाचा आणि कोणत्या जमिनीवरचा, हे विचारायची सवय लागली आहे. तीच सवय या बातमीला लावून पाहिली, थोडे वाचन केले, आणि जे समजले ते इथे मांडतो आहोत.

सुरुवात पानापासून करावी लागेल. पानाच्या कातडीवर डोळ्यांना न दिसणारी बारीक छिद्रे असतात, त्यांना पर्णरंध्रे म्हणतात. झाडाला अन्न करण्यासाठी हवेतला कार्बन डायऑक्साइड लागतो आणि तो या रंध्रांतूनच आत येतो. पण रंध्र उघडले की पानातला ओलावा वाफ होऊन त्याच वाटेने बाहेर जातो. मुळांनी जमिनीतून ओढलेल्या पाण्यातले शंभरातले सत्त्याण्णव भागांहून अधिक पाणी असेच हवेत जाते. झाडाच्या अंगी लागते ते अगदी थोडे. बँकेत ज्या खिडकीवर पैसे भरतात त्याच खिडकीवरून काढतातही, तसा हा प्रकार. खिडकी बंद केली तर जावक थांबते, पण आवकही थांबते. पाणी वाचवायचे म्हणजे उपाशी राहायचे, हा सौदा प्रत्येक झाडाला रोज करावा लागतो आणि त्यातून कोणतेही पीक सुटलेले नाही. बातमी वाचताना ही एवढी एक गोष्ट लक्षात ठेवली तरी पुष्कळ काम होते.

खिडकी बंद करायचा हुकूम कसा निघतो तेही पाहण्यासारखे आहे. माती सुकू लागली की झाडात ॲब्सिसिक आम्ल नावाचे संप्रेरक वाढते. ते रंध्राच्या दोन्ही बाजूंच्या रक्षक पेशींपर्यंत पोचले की त्या पेशींतून पोटॅशियमसारखे क्षार बाहेर पडतात, क्षारांमागे पाणी जाते, पेशी सैल पडतात आणि रंध्र मिटते. या निरोपाच्या वाटेत हायड्रोजन पेरॉक्साइड हेही एक दूत असते. पुढे त्याचा संबंध येईल. इतर बहुतेक झाडांच्या रक्षक पेशी घेवड्याच्या दाण्यासारख्या असतात. भात, गहू, ज्वारी, बाजरी, मका ही सगळी गवताच्या कुळातली, आणि गवतांच्या रक्षक पेशी व्यायामशाळेतल्या डंबेलच्या आकाराच्या असतात. शेजारी दोन साहाय्यक पेशी उभ्या असतात आणि क्षारांची देवाणघेवाण त्यांच्याशीच होते. त्यामुळे तृणधान्यांची रंध्रे फार चटकन उघडतात आणि मिटतात. ढग आला, ऊन पडले, वारा सुटला की लगेच बदल.

रंध्रांशिवायही तृणधान्यांकडे उपाय आहेत. भर दुपारी मक्याची किंवा ज्वारीची पाने सुरळीसारखी गुंडाळलेली आपण सर्वांनी पाहिली आहेत. पानाच्या वरच्या बाजूला मोठ्या फुगीर पेशींच्या ओळी असतात. त्यांतले पाणी कमी झाले की पान आत वळते. त्याने उन्हाला दिसणारी बाजू कमी होते आणि आतल्या बाजूची रंध्रे झाकली जातात. संध्याकाळी पान पुन्हा उलगडले तर काळजी नाही. सकाळी सहालाही सुरळीच असेल तर रान खरोखर कोरडे पडले असे समजावे. पीकपाहणीला गेल्यावर एका वृद्ध शेतकऱ्याने आम्हाला हे सांगितले होते. ‘साहेब, दुपारी येऊन काय बघता? पहाटे या,’ असे म्हणाला. त्याचे म्हणणे शास्त्राला धरून होते हे आम्हाला निवृत्तीनंतर कळले.

ज्वारीच्या धाटावर आणि पानाच्या खोळीवर बोट फिरवले तर पांढरी पूड लागते. ते मेण आहे. रंध्रे मिटल्यावरही पानाच्या कातडीतून थोडे पाणी झिरपत राहते, त्याला हा मेणाचा थर अडवतो. भाताच्या पानावर मेण त्या मानाने बरेच कमी. शिवाय ज्वारी, बाजरी, मका यांच्या पानात कार्बन डायऑक्साइड आधी गोळा करून मग वापरण्याची एक वेगळी व्यवस्था असते, त्यामुळे रंध्र थोडेच किलकिले ठेवूनही त्यांचे भागते. भात आणि गहू यांच्याकडे ही सोय नाही. अमेरिकेत कोलोरॅडोमधल्या ॲक्रन येथे ब्रिग्ज आणि शँट्झ या दोघांनी १९११ ते १९१३ या वर्षांत कुंड्यांत पिके वाढवून, रोज वजन करून, एक किलो कोरडा पाला-धान्य तयार व्हायला किती किलो पाणी पानांतून जाते ते मोजले होते. ज्वारीला सुमारे ३२०, मक्याला ३७०, गव्हाला ५१० आणि भाताला ७१०. हवामान बदलले की आकडे बदलतात, पण क्रम साधारण हाच राहतो. शंभर वर्षांहून जुना हा हिशेब आजही पुस्तकांतून दिला जातो.

आता पुसा डीएसटीकडे येऊ. भातात डीएसटी नावाचे एक जनुक आहे. २००९ साली शांघायमधल्या शास्त्रज्ञांनी त्याचे काम उलगडून दाखवले. हे जनुक रक्षक पेशींतला हायड्रोजन पेरॉक्साइड साफ करणाऱ्या यंत्रणेला चालू ठेवते. म्हणजे खिडकी मिटायचा निरोप ते थोडा दाबून धरते. जनुक बंद पाडले तर निरोप साचतो, रंध्रे लवकर मिटतात आणि पानावरची रंध्रांची संख्याही कमी होते. दिल्लीच्या शास्त्रज्ञांनी क्रिस्पर या जनुक-कात्रीने एमटीयू १०१० मधले हेच जनुक निकामी केले. बाहेरच्या जीवाचे जनुक त्यात घातलेले नाही, आणि म्हणूनच २०२२ च्या मार्चमध्ये केंद्राने अशा वाणांना जनुकबदल पिकांच्या कडक नियमांतून सूट दिली होती. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या शोधनिबंधात म्हटले आहे की या रोपांची पाने रुंद झाली, रंध्रे कमी झाली, पानात पाणी अधिक टिकले. रोपावस्थेत पाण्याच्या ताणाला मध्यम आणि क्षारांच्या ताणाला चांगली सहनशीलता दिसली.

मध्यम आणि चांगली, हे दोन शब्द आम्ही मुद्दाम सांगतो आहोत. मे महिन्यात जाहीर झालेले आकडे पाहा. भूभागातल्या खारवट जमिनीत ९.६६ टक्के, चोपण म्हणजे अल्कधर्मी जमिनीत १४.६६ टक्के आणि किनाऱ्याच्या खाऱ्या जमिनीत ३०.४ टक्के जास्त उत्पादन. तिन्ही आकडे खाऱ्या-चोपण जमिनींचे आहेत. दुष्काळाचा आकडा त्यांत नाही. तरी ‘दुष्काळाला टिकणारा’ हे विशेषण मथळ्यात पहिले आले, कारण नावातच ते आहे. पानांतून पाणी कमी गेले की त्याबरोबर पानांत चढणारे मीठही कमी होते, तेव्हा रंध्रे कमी केल्याचा फायदा खाऱ्या जमिनीत दिसावा हे पटण्यासारखे आहे. या आकड्यांवरही अलीकडे वाद झाला. जनुकबदलाला विरोध करणाऱ्या संघटनांनी देशभरच्या चाचण्यांच्या अहवालांवरच बोट ठेवून आक्षेप घेतले, आणि कृषी अनुसंधान परिषदेने ते फेटाळले. आमच्या मते चाचणीचा ठिकाणवार तक्ता सोप्या भाषेत लोकांपुढे ठेवला असता तर निम्मा वाद झालाच नसता. सहामाही निकाल जाहीर करताना बँकेला सगळ्या रकान्यांचा हिशेब द्यावा लागतो. बियाण्याच्या बाबतीत तेवढी अपेक्षा जास्त नाही.

समजा, दुष्काळातही या भाताची रंध्रे लवकर मिटतात. मग काय होईल? ते दुष्काळ कधी पडला यावर आहे. रोपे लहान असताना दोन आठवडे पाऊस गेला आणि मग परतला, तर लवकर मिटणारे रोप तग धरील आणि पुन्हा वाढीला लागेल. इथे कंजूषपणा कामाला येईल. पण भात फुलोऱ्यात असताना ऊन तापले आणि रंध्रे मिटली, तर दुसरीच अडचण येते. पाणी वाफ होताना पान आणि लोंबी थंड ठेवते. आपण माठातले पाणी गार होते म्हणतो तेच तत्त्व. वाफ थांबली की पानाचे तापमान चढते, आणि भाताच्या फुलोऱ्यात पस्तीस अंशांच्या पुढे उष्णता गेली की दाणे पोचट राहू लागतात. शिवाय अन्न तयार होणे थांबलेले असतेच. आणि ज्या वर्षी पाऊस उत्तम झाला त्या वर्षी कमी रंध्रांचे पीक शेजारच्या खादाड पिकापेक्षा मागे पडणार नाही कशावरून? हा प्रश्न प्रत्येक ‘पाणी वाचवणाऱ्या’ वाणाला विचारला पाहिजे.

याचा एक जुना आणि चांगला दाखला ऑस्ट्रेलियातला आहे. तिथल्या शास्त्रज्ञांनी गव्हाच्या पानातल्या कार्बनच्या दोन प्रकारांचे प्रमाण मोजून, कमी पाण्यात जास्त अन्न करणारी झाडे निवडण्याची पद्धत शोधली. तिच्यातून २००२ मध्ये ‘ड्रायस्डेल’ नावाचा गहू आला. आधीच्या चाचण्यांत फायदा २ ते १५ टक्के होता. पाऊस जितका कमी तितका फायदा जास्त. पण तो पूर्व ऑस्ट्रेलियाच्या त्या भागासाठी होता, जिथे गहू पेरणीआधी जमिनीत मुरलेल्या ओलीवर येतो. आज वाचवलेले पाणी तिथे मातीत उद्यासाठी शिल्लक राहते. ज्या भागात पीक उभे असताना पाऊस पडत राहतो तिथे कंजूष गव्हाला बक्षीस मिळत नाही; तो पाणी वाचवीत बसतो आणि उघड्या मातीतून ते उडून जाते. एकच गुण एका गावी जमेला, दुसऱ्या गावी खर्ची.

मुरलेल्या ओलीवर येणारे पीक म्हटल्यावर आपल्याला दुसरे नाव सुचायचे कारण नाही. रब्बी ज्वारी. सप्टेंबरच्या उत्तरार्धात किंवा ऑक्टोबरात पेरायची, पुढे पाऊस जवळजवळ नाहीच, आणि काळ्या रानाने चार महिन्यांत पोटात साठवलेल्या पाण्यावर फेब्रुवारी-मार्चपर्यंत पीक काढायचे. दर दिवसाला ठेव घटत जाते, भर कधीच पडत नाही. गेल्या शतकाच्या चौथ्या दशकात सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळला स्थानिक मालदांडीतून निवडलेला एम ३५-१ हा वाण अजून पेरला जातो, यातच सगळे आले. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. नंतर परभणीच्या विद्यापीठाची परभणी मोती आली, राहुरीची फुले वसुधा, फुले रेवती आली. यांपैकी कोणाची जाहिरात ‘बिनपाण्याची ज्वारी’ अशी झालेली आम्ही पाहिली नाही.

या पिकाच्या दुष्काळाचे शास्त्र आपल्या दाराशीच शिकले गेले आहे. पटणचेरूला १९७२ पासून असलेली इक्रिसॅट ही आंतरराष्ट्रीय संस्था आपण मुंबई महामार्गावरून जाताना नेहमी पाहतो. तिथे जमिनीत ओळीने उभ्या पुरलेल्या लांब प्लास्टिकच्या नळ्या आहेत, काही १.२ मीटर तर काही २ मीटर खोल. प्रत्येकीत माती भरून त्यात पीक वाढवतात आणि ठरावीक दिवसांनी काट्यावर उचलून वजन करतात. वजनातली घट म्हणजे झाडाने खर्च केलेले पाणी. ब्रिग्ज-शँट्झच्या कुंड्यांचे हे आजचे रूप. ज्वारी आणि बाजरीच्या वाणांची अशी पासबुके भरल्यावर एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर आली. चांगला वाण एकूण पाणी किती कमी वापरतो याला तेवढे महत्त्व नव्हते. तो ते कधी वापरतो, याला होते. वाढीच्या दिवसांत हात आखडून, दाणा भरायच्या दिवसांसाठी थोडी ओल मागे ठेवणारे वाण शेवटच्या दुष्काळात जिंकतात. त्या शेवटच्या थोड्या पाण्याचे मोल आधीच्या पाण्याहून कितीतरी जास्त असते.

ही शिल्लक राहते कशी? काही वाण दुपारी हवा फार कोरडी झाली की माती ओली असतानाही रंध्रे थोडी आवळतात आणि सकाळच्या गार वेळी मोकळी ठेवतात. सकाळी त्याच पाण्यात जास्त अन्न तयार होते. काही वाण फुटवेच कमी काढतात आणि पाने लहान ठेवतात, म्हणजे मुळात खिडक्याच कमी. ‘शेवटपर्यंत हिरवी राहणारी ज्वारी’ म्हणून जिचा गाजावाजा आहे, ती मूळ इथिओपियातल्या ज्वारीच्या वंशातली. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडच्या संशोधकांनी दाखवले की तिची पाने शेवटी हिरवी दिसतात कारण तिने सुरुवातीला छोटा संसार मांडलेला असतो. इक्रिसॅट आणि आपल्या ज्वारी-संशोधकांनी हा गुण देशी रब्बी वाणांत आणायचे काम बरीच वर्षे केले आहे. हिरवा राहिलेला कडबाही चांगला, आणि ज्याच्या दावणीला जनावरे आहेत त्याला कडब्याची किंमत धान्याइतकीच कळते.

शेतकरी आपल्या परीने हेच करीत आला आहे. रब्बी ज्वारी दाट पेरीत नाहीत, कारण दाट पीक जानेवारीतच ठेव संपवते. रानाला भेगा पडू लागल्या की कोळपणी करून त्या बुजवतात, कारण भेगेतून खोलवरची ओल उडून जाते. ‘एक कोळपणी म्हणजे अर्धे पाणी’ असे म्हणतात ते याचसाठी.

याच्या उलट आपल्या तेलंगणाचा भात. इथे तो चिखलणी करून उभ्या पाण्यात लावतात. शेतीला २४ तास मोफत वीज १ जानेवारी २०१८ पासून आहे, कालवे आहेत, बोअर आहेत. या भाताच्या रंध्रांत कितीही काटकसर आणली तरी बांधात उभे असलेले पाणी जमिनीत झिरपते आणि वर उन्हाने उडते, ते तसेच चालू राहील. त्यासाठी आळीपाळीने पाणी देणे, थेट पेरणी करणे असे वेगळे उपाय लागतात. ‘दुष्काळ सहन करणारा भात’ आणि ‘कमी पाण्यात येणारे भाताचे शेत’ या दोन निराळ्या गोष्टी बातमीत एक होऊन गेल्या. दुष्काळ सहन करणाऱ्या भाताची खरी गरज झारखंड, ओडिशा, छत्तीसगडच्या उंचवट्याच्या, पावसावर अवलंबून असलेल्या शेतांना आहे. त्यांच्यासाठी २०१० मध्ये ‘सहभागी धान’ हा वाण आला होता. तो एखाद्या जनुकाकडे न पाहता, प्रत्यक्ष कोरड्या रानात कोण जास्त धान्य देतो एवढे पाहून निवडलेला. नव्या वाणाची तुलना त्याच्याशी त्याच शेतांत झाली तर आम्हाला जास्त समाधान वाटेल.

हा सगळा विचार आम्हाला विम्याकडे घेऊन जातो, कारण गावाकडे दुष्काळाची व्याख्या शेवटी तिथेच पैशांत होते. २०२३ चा ऑगस्ट आठवा. देशाच्या नोंदींत १९०१ पासूनचा तो सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. महाराष्ट्राने पुढे ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. एक रुपयात पीकविमा त्याच खरिपात सुरू झाला होता. पावसात सलग २१ दिवसांचा खंड आणि त्यावर भरपाईच्या २५ टक्के आगाऊ रक्कम, हे शब्द त्या वेळी प्रत्येकाच्या तोंडी होते. पण २१ दिवस हे दिनदर्शिकेतले दिवस. गुडघाभर ज्वारीला भारी रानात हे २१ दिवस जाणवणारही नाहीत. पोटरीतल्या ज्वारीला मुरमाड रानात बारा दिवसच पुरे होतात. झाडाचा दुष्काळ मुळाखालची ओल आणि वाढीची अवस्था यांवरून ठरतो, पर्जन्यमापकावरून नव्हे.

२०२५ च्या खरिपापासून महाराष्ट्राने एक रुपयाची योजना बंद केली. शेतकऱ्याला पुन्हा खरिपात २ टक्के, रब्बीत दीड टक्का हप्ता आला. त्याचबरोबर हंगामातल्या खंडासारखे भरपाईचे वेगळे निकष काढून टाकले आणि भरपाई केवळ पीककापणी प्रयोगाच्या उत्पन्नावर ठेवली. जुन्या पद्धतीत गैरप्रकार झाले होते हे नाकारता येणार नाही. तत्त्व म्हणूनही उत्पन्न मोजणे हे दिवस मोजण्यापेक्षा बरे. शेवटी दाणा भरला की नाही हेच खरे. पण अडचण अशी, की महसूल मंडळातले सरासरी उत्पन्न धरले जाते. एकाच मंडळात नदीकाठचे दोन पुरुष खोल काळे रान असते आणि माळावरचे वीतभर मातीचेही. काळ्या रानातली ज्वारी शेवटच्या महिन्यातही खालून पाणी ओढते, माळावरची डिसेंबरातच रंध्रे मिटून बसते. सरासरी निघते ठीकठाक आणि माळावरच्याला काहीच मिळत नाही. कर्जाच्या वसुलीत हे आम्ही प्रत्यक्ष पाहिले आहे: थकबाकीदारांची यादी आणि हलक्या जमिनींची यादी पुष्कळदा एकच निघायची. आमच्या काळी जमिनीची खोली कर्जाच्या अर्जात एका ओळीत असे आणि ती ओळ बहुधा कोरी राहत असे, आमच्याही हातून. विम्यासाठी मंडळाचे निदान दोन भाग, भारी आणि हलके, असे केले तर पीककापणी प्रयोगांची संख्या वाढेल, खर्च वाढेल, पण हप्ता भरणाऱ्याचा विश्वासही वाढेल.

आणि भावाची गोष्टही आहेच. २०२५-२६ साठी मालदांडी ज्वारीचा हमीभाव क्विंटलला ३,७४९ रुपये आहे, साध्या भाताचा २,३६९. कागदावर ज्वारी पुढे आहे. पण तेलंगणात भात सरकारी केंद्रावर खात्रीने मोजून घेतला जातो, ज्वारीला तशी खरेदी अपवादानेच लाभते. ७१० आणि ३२० हे पाण्याचे आकडे आणि हे खरेदीचे चित्र शेजारी ठेवले, तर भाताला पाणी कमी कसे लागेल यावर एवढी बुद्धी खर्च होत असताना मुळातच कमी पाणी पिणारे पीक रानातून का हटते आहे, याचे उत्तर बरेचसे मिळते.

तेव्हा ज्यांनी आम्हाला विचारले त्यांना आमचे उत्तर असे. नवा भात आला तर येऊ द्या, त्याला विरोध करण्यासारखे काही नाही. खाऱ्या जमिनीत तो उपयोगी ठरला तर ती लहान गोष्ट नव्हे. मात्र परभणीच्या कोरडवाहू रानासाठी तो केलेलाच नाही. उद्या ज्वारी-बाजरीचेही असे वाण येतील. दुकानदाराने ‘दुष्काळाला टिकते’ म्हटले की विचारावे: रोपातल्या दुष्काळाला की दाणा भरतानाच्या? किती खोल मातीत पाहिले? आणि भरपूर पावसाच्या वर्षी शेजारच्या वाणापेक्षा किती कमी येते? तिसऱ्या प्रश्नावर ‘काहीच कमी येत नाही’ असे उत्तर आले, तर पिशवी खाली ठेवून दुसरे दुकान पाहावे.

गेल्या दिवाळीला आम्ही परभणीकडे मेहुण्यांच्या गावी होतो. सप्टेंबरच्या पुराने मराठवाडा बुडवलेला. दुष्काळावर लिहायचे म्हटल्यावर मेहुणे हसले. सोयाबीन हातचे गेले होते आणि रानात पाय रुतत होता, वाफसा येईना. त्यांनी मालदांडी आणून ठेवली होती. ‘भाऊजी, यंदा खाली ओल भरपूर आहे, पण पेरणी तीन आठवडे मागे पडली. दाणा भरेल तेव्हा ऊन चढलेले असेल. बघू, किती राखून ठेवते ते.’ खालच्या रानात त्यांनी नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात पेरणी केली, माळावरचा तुकडा हरभऱ्याला दिला. परवा फोनवर म्हणाले, ज्वारी मांडीला लागली आहे, दुपारी पाने वळत नाहीत अजून. माघात हुरड्याला बोलावले आहे.